दुसऱ्या ग्रुपमध्ये मी नाही

पत्र, थोडक्यात: पत्रलेखक ४१ वर्षांचे आहेत, १६ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करतात. नात्यातल्या २३ जणांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. फोन कुठला घ्यावा इथपासून मोबाइल टॉवर, लसी, सरकारी धोरणं, कंपन्यांची कस्टमर केअर, एआय, अशा सगळ्यावर तिथे मतं पडतात. चुकीचं काही दिसलं की पत्रलेखक ते पुराव्यासकट दुरुस्त करतात. मावशी म्हणाली, अपडेट आल्यापासून माझा फोन मुद्दाम हळू केलाय, यांनी लिहिलं, "असं काही नसतं, हा भ्रम आहे." काकांनी इमारतीच्या गच्चीवरच्या टॉवरने कॅन्सर होतो असा मजकूर टाकला, त्याखाली यांच्या १२ लिंक पडल्या. मामेभाऊ म्हणाला इंटरनेट कंपनीने फसवलं. यांनी त्याला कंपनीचं ४.३ रेटिंग दाखवलं. सरकारी कामं पूर्णपणे ऑनलाइन व्हावीत की नाही, यावर वहिनींशी तीन दिवस वाद झाला. दोन महिन्यांपूर्वी ग्रुप गप्प झाला. मग आईच्या फोनवर दुसरा ग्रुप दिसला. त्यात यांना सोडून सगळे आहेत. ते विचारतात, "मी चुकीचं एकही वाक्य लिहिलेलं नाही. खोटं दिसत असताना गप्प बसायचं का? लोकांना सत्य नकोच असतं, हेच खरं ना?" शेवटी जाता जाता लिहितात: एका व्हिडिओमुळे काकांनी रक्तदाबाची गोळी बंद केल्याचं आईकडून कळलं, "पण आता मी काही बोलणार नाही."

नमस्कार.

सगळ्यात आधी काकांची गोळी. बाकीचं आठवडाभराने झालं तरी चालेल. रक्तदाब वाढलेला असला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. त्यामुळे गोळी सोडल्यावर चार दिवस ठीक गेले की माणसाला वाटतं, व्हिडिओवाला बरोबर सांगत होता. काही गोळ्या तर अशा असतात की एकदम थांबवल्या की रक्तदाब उसळून वर जातो. तेव्हा हे वाचून झालं की काकांना फोन करा. ग्रुपवर लिहू नका, आईबरोबर निरोप पाठवू नका आणि त्या व्हिडिओचं नावही काढू नका. "काका, गोळी थांबवलीत असं कळलं. गोळीने काही त्रास होत होता का?" एवढंच विचारा.

हे विचारायचं कारण असं की गोळी सोडण्यामागे पुष्कळदा व्हिडिओच्या आधीचंच काहीतरी असतं. पाय सुजतात, कोरडा खोकला येतो, उठताना गरगरतं, सारखं लघवीला जावं लागतं. रक्तदाबाच्या वेगवेगळ्या गोळ्यांचे हे माहीत असलेले दुष्परिणाम आहेत आणि डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात. माणूस मात्र हे कोणाला सांगत नाही; गोळी नकोशी झालेली असते, आणि एक दिवस ती नको म्हणणारा व्हिडिओ समोर येतो. काकांचं तसं असेल तर त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. तसं नसेल तरी जा, पण आधी रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन त्यांच्याकडे बसा. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे काकांनीच वहीत लिहायचे. ती वही डॉक्टरांपुढे ठेवायची. वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा १२० च्या पुढे गेला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सोबत छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, बोलताना जीभ अडखळत असेल, तर थेट रुग्णालय.

आता तुमच्याबद्दल. तो दुसरा ग्रुप पाहिल्याचं तुम्ही एका ओळीत लिहिलंय: "सगळ्यात वर मावशीच्या नातवाचा फोटो होता, तो मी पाहिलाच नव्हता." बाकी पानभर मुद्देसूद युक्तिवाद आहे, पण ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. इतकी वर्षं ज्या माणसांसाठी तुम्ही रात्री बसून लिंका शोधल्या, त्यांनी न सांगता दार लावून घेतलं. हे लागणारच. ज्या वाचकांनी कोणाला तरी टाळायला असा दुसरा ग्रुप काढलाय त्यांना माझी विनंती आहे, की त्या माणसाला एकदा तोंडावर सांगा, "तू असं लिहितोस तेव्हा आम्हाला बोलायची भीती वाटते." त्याला सुधारायची एक तरी संधी मिळायला हवी. तुमच्या घरच्यांनी ती दिली नाही, ही त्यांची चूक आहे.

तुम्ही लिहिता, "मी चुकीचं एकही वाक्य लिहिलेलं नाही." मला एक सापडलं. मावशीला लिहिलेलं "असं काही नसतं" हे वाक्य चूक आहे.

२०१७ च्या डिसेंबरमध्ये अ‍ॅपलने मान्य केलं की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग सॉफ्टवेअर अपडेटमधून कमी करण्यात आला होता. जीर्ण बॅटरीला फोनची एकदम वाढलेली मागणी झेपत नाही आणि फोन अचानक बंद पडतो, तो पडू नये म्हणून हे केलं, असं कंपनीचं म्हणणं होतं. कारण तांत्रिकदृष्ट्या पटण्यासारखं होतं. पण ज्यांच्या हातात ते फोन होते त्यांना कोणी हे धड सांगितलं नव्हतं. २०२० मध्ये फ्रान्सच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने त्यावरून अडीच कोटी युरोंचा दंड केला आणि अमेरिकेतल्या खटल्यात कंपनीने ५० कोटी डॉलरपर्यंत भरपाईची तडजोड केली. हे उघडकीला कसं आलं, ते तुम्हाला टेस्टर म्हणून आवडेल. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर एका वापरकर्त्याने सांगितलं की त्याने जुन्या फोनची बॅटरी बदलली, आधीचा आणि नंतरचा वेग मोजला, तर नव्या बॅटरीवर तोच फोन झपाट्याने चालायला लागला. मग वेग मोजायचं अ‍ॅप बनवणाऱ्या एकाने आपल्याकडचे ढीगभर आकडे मांडून पाहिले आणि ठरावीक अपडेटनंतर आकडे खाली घसरलेले दिसले. त्याआधी कितीतरी लोक नुसतं "फोन हळू झालाय" म्हणत होते, आणि त्यांना कोणीतरी जाणकार "भ्रम आहे" म्हणत होता.

मावशीचा फोन त्यांतलाच असेल असं मी म्हणत नाही. जागा भरली असेल, अ‍ॅप जड झाली असतील, अपडेटनंतरचे एक-दोन दिवस फोन मागे काहीतरी काम करत असेल. पण तिच्या वाक्यात दोन गोष्टी होत्या. "फोन हळू झालाय" हा अनुभव, आणि "मुद्दाम केलाय" हे त्याचं तिने लावलेलं कारण. तुम्ही कारण खोडलंत आणि त्याबरोबर अनुभवही पुसून टाकलात. तुमच्या कामाच्या ठिकाणी हेच घडलं तर काय होतं, आठवा. तुम्ही बग, म्हणजे सापडलेली चूक, नोंदवता आणि ते सॉफ्टवेअर लिहिणारा डेव्हलपर न बघताच लिहितो, "माझ्या मशीनवर तर चालतंय." सोळा वर्षांत हे वाक्य तुम्ही किती वेळा ऐकलं असेल! तेव्हा तुमचा जो चडफडाट होतो, तोच त्या दिवशी मावशीचा झाला, आणि तोही २२ जणांसमोर. ऑफिसात कोणी येऊन "सिस्टिम स्लो आहे" म्हणालं, तर तुम्ही विचारता: कधीपासून? काय केल्यावर? दर वेळी होतं का? हे प्रश्न तुम्हाला झोपेतही येतात. घरच्या ग्रुपवर ते आले नाहीत, कारण तिथे तुम्ही टेस्टरच्या खुर्चीवरून उठून पेपर तपासायला बसलात.

मामेभावाचंही तेच. ४.३ हे रेटिंग बघून कंपनी चांगली ठरते, असं तुम्ही गृहीत धरलंत. रेटिंग देतं कोण? बहुतेक करून जो फार खूश आहे तो, नाहीतर जो संतापलाय तो. मधले सगळे काही न लिहिता निघून जातात. त्यात पैसे देऊन लिहून घेतलेली परीक्षणं मिसळलेली असतात. आणि समजा रेटिंग खरंच असलं, तरी हजारातल्या नऊशे जणांचं काम नीट झालं म्हणून याचं झालं असं होत नाही. त्याला कंपनीविषयी मत नकोच होतं, त्याला तक्रार नेमकी लिहून देणारं कोणीतरी हवं होतं. तारीख, तक्रार क्रमांक, कोणाशी काय बोलणं झालं, कोणतं आश्वासन कोणत्या तारखेचं, स्क्रीनशॉट, आणि शेवटी "मला हे हवं आहे" असं एक स्पष्ट वाक्य: परतावा, दुरुस्ती की करार रद्द. फोनवर झालेलं बोलणंही त्याच दिवशी ईमेलने कळवून ठेवायचं. उत्तर आलं नाही तर वरच्या पायरीकडे आणि मग ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जायचं. नात्यात हे सगळं तुमच्याइतकं नीट लिहिणारं दुसरं कोण आहे? अजूनही वेळ गेलेली नाही.

"लोकांना सत्य नकोच असतं" या तुमच्या वाक्यावर मात्र मी बराच वेळ थांबले, कारण हे मी स्वतः मानत होते. याच सदरात काही वर्षांपूर्वी मी लिहिलं होतं की पुरावा दिला की माणसं उलट जास्त हट्टाला पेटतात. त्याला आधार होता. २०१० मध्ये ब्रेंडन नायहन आणि जेसन राइफलर या दोन राज्यशास्त्रज्ञांनी प्रयोग प्रसिद्ध केले होते. चुकीची राजकीय समजूत दुरुस्त केल्यावर काही गटांत ती आणखी घट्ट झाल्याचं त्यांत दिसलं होतं. ही गोष्ट जगभर पसरली. पुढे थॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी दहा हजारांहून जास्त लोकांवर, ५२ वेगवेगळ्या मुद्द्यांवर तेच तपासलं. २०१९ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या निबंधात तो उलटा परिणाम जवळजवळ कुठेच सापडला नाही. दुरुस्ती वाचल्यावर बहुतेक लोक, निदान त्या विधानापुरते तरी, खऱ्याच्या बाजूला सरकले होते. माझं ते लिहिणं चुकलं होतं, आणि ते इथेच सांगायला हवं होतं, म्हणून सांगितलं.

तेव्हा तुमच्या घरच्यांना सत्य नको होतं, हे मला पटत नाही. प्रयोगात माणूस एकटा असतो, समोर कागद किंवा पडदा असतो, त्याचा पाणउतारा होत नाही. ग्रुपवर काकांच्या मजकुराखाली बारा लिंक पडतात तेव्हा सून पाहते, जावई पाहतो, नातवंडं पाहतात. काकांपुढे त्या क्षणी टॉवरचा प्रश्न उरतच नाही. प्रश्न उरतो तो आपण सगळ्यांत अडाणी ठरलो का, एवढाच. त्या अवस्थेत बाराच काय, एकही लिंक कोणी उघडत नाही. तुम्ही तरी उघडली असती का?

टॉवरबद्दल तुम्ही दिलेली माहिती बरोबर होती. रेडिओलहरींमध्ये रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये त्यांना '२ ब' गटात टाकलं, म्हणजे "कर्करोग होण्याची शक्यता नाकारता येत नाही" असा गट. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. हा गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. २०२४ मध्ये त्याच संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. शिवाय लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे अंतर दुप्पट झालं की ती पाव होते, आणि सिग्नल क्षीण असला की कानाशी धरलेला फोनच जास्त शक्तीने लहरी सोडतो. म्हणजे टॉवर जवळ असला की डोक्याजवळच्या फोनचं काम उलट कमी होतं. यातलं शेवटचं काकांना कोणी नीट समजावलं असतं, तर मला वाटतं त्यांना ते आवडलं असतं.

पण तुमच्याच पत्रात तुम्ही काकांची दोन वाक्यं जशीच्या तशी दिली आहेत आणि त्यांच्यावरून पुढे निघून गेला आहात. पहिलं: "गच्ची काय एकट्या कमिटीची आहे?" दुसरं: "आम्हाला कोणी विचारलंच नाही." ही दोन्ही वाक्यं कर्करोगाबद्दल नाहीत. गच्ची सगळ्यांची, करार मोजक्या लोकांनी केला, भाडं कुठे जातं ते ठाऊक नाही, जनरेटरचा आवाज वरच्या मजल्याला, वजन इमारतीला. या तक्रारी शंभर टक्के रास्त असू शकतात आणि त्यांचं भौतिकशास्त्राशी काही देणंघेणं नाही. मग काका कॅन्सर कॅन्सर का म्हणत होते? कारण "मला विचारलं नाही" याला बैठकीत कोणी किंमत देत नाही, "जीवाला धोका आहे" म्हटलं की सगळे वळून बघतात. विज्ञानाच्या नावाने होणारी बरीच भांडणं मुळात अधिकाराची असतात. कोणाच्या डोक्यावर काय बसवायचं, हे कोणी ठरवायचं, याची. तुम्ही कॅन्सरचा मुद्दा खोडलात आणि काकांना वाटलं, हाही कमिटीचाच.

वहिनींशी झालेल्या वादात तर खोडायला काही नव्हतंच. सगळी सरकारी कामं ऑनलाइन व्हावीत का, या प्रश्नाचा एक भाग मोजता येतो: किती लोकांकडे फोन नाही, अर्ज किती दिवसांत निकाली निघतो, बोटाचे ठसे किंवा ओटीपी न जुळल्याने किती जण अडकतात. हा भाग आकड्यांनी सुटेल. दुसरा भाग असा की बहुतेकांचा वेळ वाचावा म्हणून थोड्यांनी किती हाल सोसायचे. याचं उत्तर कुठल्याच लिंकमध्ये नाही. तिथे तुम्ही आणि वहिनी सगळ्या आकड्यांवर एकमत होऊनही वेगळे राहू शकता, आणि त्यात कोणी बावळट ठरत नाही. पुढच्या वेळी तीन दिवस घालवण्यापेक्षा पहिल्याच तासात ठरवा, आपलं भांडण यातल्या कुठल्या भागाबद्दल आहे. आकड्यांचं असेल तर दोघांनी मिळून शोधा. प्राधान्याचं असेल तर "हे नेमकं कसं चालेल?" असं एकमेकांना विचारा. २००२ मध्ये लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल यांनी लोकांना झिप, कुलूप, फ्लश कसं चालतं ते किती कळतं असं विचारलं. सगळ्यांनी स्वतःला बरे गुण दिले. मग एकेक पायरी लिहायला लावली आणि पुन्हा विचारलं, तर गुण खाली आले. धोरणांबद्दल बोलताना हे मी स्वतःवर करून बघते. चौथ्या पायरीला मला नेहमी थांबावं लागतं.

आता तुमच्या कामाला धरून एक खेळ सांगते. तो तुम्हाला माहीत असला तरी घरी कोणाबरोबर तरी खेळून बघा. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये तो प्रसिद्ध केला. समोरच्याला तीन आकडे द्यायचे: २, ४, ६. हे एका नियमात बसतात, तो ओळखायचा. त्याने स्वतःचे तीन तीन आकडे सांगायचे, आपण नुसतं "बसतं" किंवा "बसत नाही" म्हणायचं. बहुतेक जण ८, १०, १२ म्हणतात. बसतं. २०, २२, २४. बसतं. मग छाती ठोकून सांगतात, दोन-दोनने वाढणारे आकडे! खरा नियम असतो, कुठलेही चढते आकडे. १, २, ३ किंवा ५, ४०, ९०० म्हणून बघावं असं फार थोड्यांना सुचतं, कारण आपलं मत मोडेल असा प्रश्न विचारायला मन धजत नाही. तुम्हाला त्याचा पगार मिळतो. चुकीचा पासवर्ड टाका, रिकामा रकाना सोडा, उणे वय भरा. हेच स्वतःच्या मतावर करायचं: मावशीचं म्हणणं खरं असेल तर मला काय दिसायला हवं, आणि ते मी शोधलं का? त्या दिवशी "अपडेटनंतर फोन हळू" एवढं जरी शोधलं असतंत, तरी पाच मिनिटांत २०१७ ची ती बातमी समोर आली असती.

गप्प बसायचं का, हा तुमचा प्रश्न आहे. काही ठिकाणी बसा, काही ठिकाणी अजिबात बसू नका. कोणाच्या शरीराला इजा होईल, कोणाचे पैसे जातील, कोणाविरुद्ध लोक उठतील, असा मजकूर असेल तर बोलायचंच, आणि लगेच. फक्त आधी त्या माणसाला एकट्याला फोन करून. "तुम्ही टाकलेलं मी बघितलं, मला वेगळं सापडलं, तुम्हीच ग्रुपवर दुरुस्ती टाकाल का?" असं म्हटलं की दहातले पाच जण टाकतात, हा माझा अनुभव. नाही टाकली तर तुम्ही टाका: खरं काय ते दोन ओळींत, एक लिंक, आणि कोणाचंही नाव न घेता. फोन कुठला चांगला, एआय माणसाच्या नोकऱ्या खाणार की नाही, अमुक कंपनी बरी की तमुक, यावर कोणी काही चुकीचं बोललं तर बोलू द्या. कोणी तुम्हाला विचारलं तर सांगा. एआयबद्दल तर आज ज्यांना सगळं कळलंय असं वाटतं त्यांच्यापासून मी चार हात लांबच राहते.

जे वाचक तुमच्याइतके तरबेज नाहीत त्यांच्यासाठी तपासायची रीत थोडक्यात सांगते. मजकुरावर "अनेक वेळा फॉरवर्ड केलेला" अशी खूण आणि दोन बाण असतील, तर तो पाच किंवा त्याहून जास्त हातांतून आलेला आहे, म्हणजे पाठवणाऱ्याला त्याचं मूळ माहीत नसणार. एखादी वेबसाइट खरी वाटते का हे तिच्यावरच बसून ठरवू नका. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे पीएचडी झालेले अभ्यासक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-पडताळणी करणारे यांना एकच काम देऊन निरखलं. अभ्यासक पान खालपर्यंत वाचत बसले आणि देखण्या मांडणीला फसले. पडताळणीवाले काही सेकंदांत पान सोडून नव्या टॅबमध्ये गेले आणि ही संस्था कोणाची, तिच्याबद्दल इतर काय म्हणतात ते पाहून आले. ते हे कामही लवकर उरकून मोकळे झाले. आणि कोणी तज्ज्ञ आधी एक आणि मग दुसरं म्हणाले म्हणून त्यांना खोटारडे म्हणू नका. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुरुवातीला सर्वसामान्य निरोगी माणसांना मास्क वापरायला सांगितलं नव्हतं, जूनमध्ये सल्ला बदलला. पुरावा बदलल्यावर सल्ला बदलावाच लागतो. पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय की त्या वेळी वहिनींनी तुम्हाला टोकलं होतं, "मार्चमध्ये तर तूच उलटं सांगत होतास." तुम्ही त्यावर उत्तर दिलं नाहीत. "हो, तेव्हा मी तसं म्हणालो होतो, आता पुरावा बदलला म्हणून माझं मतही बदललं" एवढं लिहिलं असतंत, तर पुढची चार वर्षं वहिनींनी तुमचं जरा वेगळ्या कानाने ऐकलं असतं.

राहिला तो दुसरा ग्रुप. तिथे घ्या म्हणून आईमार्फत सांगू नका, जाब विचारू नका, पहिल्या ग्रुपमधून तावातावाने बाहेरही पडू नका. जाब विचारलात तर ते तुम्हाला घेतील आणि तिसरा काढतील. पहिल्या ग्रुपवर माफीनामाही नको; लांबलचक माफीसुद्धा लोकांना उत्तर द्यायला भाग पाडते. एकेकाला फोन करा, कामाच्या निमित्ताने. मामेभावाला तक्रार लिहून द्या. काकांना टॉवरचा करार बघायला मिळावा म्हणून कमिटीला एक पत्र तयार करून द्या, त्यात कर्करोगाचा उल्लेखही लागणार नाही. यातलं काही करून तुम्हाला ग्रुपमध्ये घेतीलच अशी हमी मी देत नाही. काही महिने जातील. कदाचित कोणी एक जण फोटो वेगळा पाठवायला लागेल.

मावशीला मात्र माफीच मागा, ग्रुपवर नाही, फोनवर. "तू फोन हळू झालाय म्हणालीस तेव्हा मी न बघताच भ्रम म्हणालो. तसं खरंच झाल्याचं निघालंय, निदान एका कंपनीच्या फोनमध्ये. माझं चुकलं." मग विचारा, कधीपासून झालाय, कुठलं अ‍ॅप उघडताना जास्त जाणवतं, चार्जिंग दिवसभर पुरतं का. सेटिंगमध्ये बॅटरीची स्थिती दिसत असेल तर ती वाचून दाखवायला सांगा. आणि फोन ठेवण्याआधी नातवाचा तो फोटो मागून घ्या.